तेल घालताय की ओतताय? पिस्तुलाच्या देखभालीबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो की तेल न घातल्यामुळे बिघडलेली पिस्तुलं मी आयुष्यात कमी बघितली आणि जास्त तेल घातल्यामुळे अडकलेली कितीतरी जास्त, तर त्यावर एवढी पत्रं आली की हा अख्खा कॉलम तेलालाच द्यावा लागतोय. कोणी चिडलंय, कोणी बाटल्यांची नावं विचारतंय, एका वहिनींनी तर नवऱ्याची तक्रार केलीये. माझं आयुष्य शस्त्रागारात गेलं, आमच्या भाषेत कोत, त्यामुळे उत्तरं कोतातल्या माणसाची आहेत, केमिस्टची नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : वडिलांचं .३२ पिस्तुल त्यांच्या पश्चात रीतसर माझ्या लायसन्सवर आलं. ते दरवर्षी खंडेनवमीला त्याला खोबरेल तेलानं पुसायचे, मीही तेच करत आलो. आता स्लाइड (पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढायला जड जाते आणि सोडली की पूर्ण पुढे जात नाही, शेवटचा अर्धा सेंटीमीटर अडकते. शेजारचे म्हणतात अजून तेल सोड. सोडू का? (एक वाचक, दापोली)

नका सोडू! आहे तेच काढायचंय आपल्याला.

घरी देवघर असेल ना, तर समई उचलून तिच्या बुडाशी बोट फिरवून बघा. तो जो पिवळट-तपकिरी, चिकट, नखानं खरवडला तरी न निघणारा थर असतो, तोच तुमच्या स्लाइडच्या खाचांमध्ये बसलाय. खायचं कुठलंही तेल असू दे, खोबरेल, गोडेतेल, मोहरीचं, हवेतल्या ऑक्सिजननं हळूहळू घट्ट होत जातं आणि त्याचा वॉर्निश होतो, मोहरीचं आणि सूर्यफुलाचं लवकर, खोबरेल त्या मानानं फार उशिरा, पण वर्षानुवर्षं साचून चिकट होतंच. आणि खोबरेलची आणखी एक गंमत, ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे तुमच्याकडे जानेवारीतल्या पहाटे बाटलीत जसं पांढरं होतं तसंच ते स्प्रिंगभोवतीही होतं. .३२ ची बहुतेक पिस्तुलं साधी ब्लोबॅक असतात, म्हणजे स्लाइडला मागे ढकलायला काडतुसाचा धक्का आणि पुढे आणायला ती एकच स्प्रिंग, बाकी काही यंत्र नाही. तिथं असला चीक बसला की स्प्रिंग बिचारी शेवटच्या अर्ध्या सेंटीमीटरला दम सोडते. तुम्ही लिहिलंय अगदी तसंच.

काय करायचं ते सांगतो. पिस्तुल रिकामं करा (कसं ते खाली वहिनींच्या पत्रात येतंय, ते आधी वाचा), पुस्तिकेप्रमाणे स्लाइड, स्प्रिंग, बॅरल एवढंच सुटं करा, त्याच्या पुढे ग्रिप सोडून बाकीचे स्क्रू-पिना काढत बसू नका. रंगाच्या दुकानात एमटीओ म्हणून टर्पेंटाइन मिळतं ते वाटीभर घ्या, जुना टूथब्रश घ्या, आणि खिडकी उघडून, गॅस-उदबत्ती काही पेटलेलं नाही ना बघून, खाचा घासा. पूर्वी आम्ही रॉकेल वापरायचो, चालतं, फक्त मागे तेलकट वास राहतो. पेट्रोल मात्र घरात अजिबात नको, त्याची वाफ जमिनीलगत पसरत कुठं जाईल सांगता येत नाही. लाकडी किंवा प्लास्टिकची ग्रिप आधी काढून ठेवा नाहीतर पॉलिश जाईल. पहिल्यांदा ब्रश चहाच्या रंगाचा होईल, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा स्वच्छ. मग कोरड्या कापडानं पुसून अर्धा तास तसंच ठेवा आणि त्यानंतरच नवीन तेल, तेही खाचेत दोन्ही बाजूंना एकेक थेंब.

एक लक्षात घ्या, टर्पेंटाइननं घासलेलं लोखंड उघडं पडतं. तुमच्या दापोलीच्या खाऱ्या हवेत ते रात्रभर कोरडं राहिलं तर सकाळी लालसर झाक दिसलीच म्हणून समजा. त्यामुळे धुणं आणि तेल एकाच बैठकीत.

आणि पूजेचं म्हणाल तर खुशाल करा, मीही करतो. पण ओलं हळद-कुंकू, अक्षता, फुलातलं पाणी हे सगळं त्याच संध्याकाळी पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी नाही. मी एका पिस्तुलाच्या स्लाइडवर बोटाच्या आकाराचा गंजाचा डाग बघितलाय, बरोब्बर जिथं कुंकवाचं बोट लावलेलं तिथं. हळद-कुंकू ग्रिपच्या लाकडाला लावा की, देवाला तेही पोचतं.

प्रश्न : काका, मी २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तुल मारते, .२२. प्रिसिजनला (सावकाश नेम धरायची फेरी) काही होत नाही पण रॅपिडला (झटपट मारायची फेरी) तिसऱ्या-चौथ्या सिरीजपासून जॅम यायला लागतात, रिकामी केस (काडतुसाची पुंगळी) अर्धवट अडकते. मी प्रत्येक वेळी ऑइल घालते, दोन सिरीज बरी जाते मग परत तेच. आता रोज प्रॅक्टिसच्या आधी भरपूर ऑइल मारून जाते तर आणखीच वाढलंय. ऑइल चेंज करू का? (कोल्हापूर)

कोल्हापूर आणि २५ मीटर पिस्तुल म्हटलं की राही सरनोबतची आठवण येतेच, २०१८ ला जकार्ता-पालेम्बांगच्या एशियन गेम्सचं गोल्ड याच इव्हेंटमध्ये. त्यामुळे तुझं उत्तर जरा मन लावून लिहितोय.

ऑइल बदलू नकोस, आधी .२२ चं काडतूस हातात घेऊन नीट बघ. गोळी उघड्या शिशाची असते आणि तिच्यावर मेणासारखं काहीतरी लावलेलं असतं, बोटाला चिकटतं बघ. आता प्रत्येक शॉटला काय होतं, थोडं मेण, थोडं शिसं, थोडी न जळलेली पावडर, आणि प्रायमरची (काडतूस पेटवणारा मसाला) काजळी, हे सगळं मागे चेंबरच्या (काडतूस बसतं ती जागा) तोंडाशी आणि बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणारा सरकता तुकडा) चेहऱ्यावर उडतं. सेंटरफायरच्या, म्हणजे पिन मधोमध आपटते त्या काडतुसांच्या मानानं .२२ फार घाण करतं. त्यात तू तेल ओतलंस की त्याची होते खळ. पहिल्या दोन सिरीज ती खळ पातळ असते म्हणून बोल्ट छान घसरतो, तुला वाटतं वा झालं काम, मग त्यात अजून पावडर मिसळते, ती घट्ट होते, आणि तीच खळ एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी केस ओढून काढणारा आकडा) नखाखाली जाऊन बसते. नखाला काठ धरता येत नाही, केस अर्धी बाहेर येते आणि अडकते. प्रिसिजनला पाच शॉटला ५ मिनिटं असतात, तू अडखळलीस तरी कळत नाही. रॅपिडला ३ सेकंद लाइट, ७ सेकंद गॅप, तिथं बोल्टनं जरा आळस केला की लगेच दिसतं.

तर प्रॅक्टिस झाली की रोज, रोज म्हणजे रोजच, लाकडी टूथपिक घे आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालून तो काळा चिखल काढ. सुई-टाचणी नको, ओरखडे पडतात. पहिल्या दिवशी किती निघेल ते बघून तूच हसशील. बोल्टचा चेहरा टूथब्रशनं. चेंबर कोरड्या चिंदीनं पुसायचं आणि कोरडंच ठेवायचं, आत तेल नको म्हणजे नकोच. कारण सांगतो. गोळी सुटते तेव्हा केस फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरून बसते आणि त्यामुळे बोल्टवरचा धक्का थोडा कमी होतो. तेलकट चेंबरमध्ये ती धरच घेत नाही, सगळा जोर बोल्टवर. बॅरलमध्ये साठवणीचं तेल लावलेलं असेल तर तेही मारायच्या आधी एक कोरडी चिंदी ओढून काढ, नाहीतर पहिली गोळी कुठंतरी जाते आणि तू उगाच साइट फिरवत बसतेस.

मग तेल कुठं? तुमची मॅच पिस्तुलं, वॉल्थर जीएसपी घे किंवा पार्डिनी घे, त्यात मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं आणि बाहेरची स्लाइड नसते, आत बोल्ट पुढे-मागे जातो. बोल्ट जिथं घासून चकचकीत झालाय ती जागा शोध, पिस्तुल स्वतःच दाखवतं कुठं घासतंय ते. त्या चकचकीत पट्ट्यावर पातळ तेलाचा एक थेंब, बोटानं पसरवायचा, आणि बोल्ट आठ-दहा वेळा हातानं चालवून जे बाहेर येईल ते पुसून टाकायचं. फायरिंग पिनची वाट कोरडी. मॅगझिन कोरडं, मॅगझिनमध्ये तेल म्हणजे पावडरला आमंत्रण आणि पाझरून काडतुसाच्या कडेत शिरलं तर प्रायमिंग खराब, मग मिसफायर. ट्रिगर युनिटला पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच, एक थेंब जास्त नाही. तुझा ट्रिगर नियमाप्रमाणे किमान १००० ग्रॅमचा लागतो, तिथं कचरा साचून वजन बदललं तर चेकिंगला गोंधळ होईल तो वेगळाच.

अजून एक, रिकामा ट्रिगर ओढून प्रॅक्टिस करत असशील तर .२२ मध्ये पुस्तिका बघितल्याशिवाय करू नकोस. रिमफायरची, म्हणजे काडतुसाच्या काठावर आपटणारी पिन काडतूस नसताना कधीकधी थेट चेंबरच्या कडेवर आपटते, तिथं खड्डा पडतो आणि मग केस अडकायला कायमचं कारण मिळतं. एवढं सगळं करूनही जॅम राहिले तर दुसऱ्या ब्रँडचं अॅम्युनिशन मारून बघ, काही पिस्तुलांना काही गोळ्या आवडतच नाहीत.

प्रश्न : मार्केटमध्ये एवढी ऑइल्स आहेत, सीएलपी, सिंथेटिक, ग्रीस, बॅलिस्टॉल… नेमकं घ्यायचं काय? मित्र म्हणतो डब्ल्यूडी-४० सगळ्याला चालतं. (ठाणे)

तुमच्या मित्राला विचारा की दरवाजाच्या बिजागरीला मारल्यावर ती परत किती दिवसांनी कुरकुरते.

डब्ल्यूडी-४० हे १९५३ ला अमेरिकेत सॅन डिएगोला बनलं, नावाचा अर्थच पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयत्न. वाईट नाहीये ते, ज्या कामासाठी बनवलं ते काम उत्तम करतं, पावसात भिजलात आणि पिस्तुलात पाणी शिरलंय तर मारा की, पाणी निघेल. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो, मागे पातळ पापुद्रा उरतो, आणि त्याच्यावर परत परत मारत राहिलात की तो चिकट होतो. त्यामुळे पाणी काढा, पुसा, आणि मग खरं तेल लावा. तेल म्हणून तेच वापरायचं नाही.

आता तेलाची तीन वेगळी कामं आहेत, ती लोक एकच समजतात. घाण सोडवणं वेगळं, घर्षण कमी करणं वेगळं आणि गंज रोखणं वेगळं. सीएलपी म्हणजे ही तिन्ही कामं एका बाटलीत, अमेरिकन सैन्यानं त्याचं स्पेसिफिकेशन केलंय, बाटलीवर मिल-पीआरएफ-६३४६० असा नंबर दिसला तर त्या प्रतीचं समजा. सगळं करतं म्हणजे प्रत्येक काम बरं करतं, अव्वल एकही नाही, आपल्या ऑलराउंडर बॅट्समनसारखं. वर्षाला शंभर-दोनशे राउंड मारणाऱ्या माणसाला ती एक बाटली पुरे, डोकं खाऊ नका. बॅलिस्टॉल जर्मन, १९०४ पासूनचं, पाण्यात घातलं की दुधासारखं पांढरं होतं, लाकडाला आणि चामड्यालाही चालतं, मला स्वतःला त्याचा वास आवडत नाही पण हा माझा प्रॉब्लेम.

शिलाई मशीनचं तेल? चालतं हो. साफ पातळ खनिज तेल आहे ते, चीक धरत नाही. पण इतकं पातळ की उभ्या ठेवलेल्या पिस्तुलातून आठ दिवसांत खाली उतरून जातं, आणि गंजाला फारसं रोखत नाही. रेंजवर जायच्या सकाळी दुसरं काही नसेल तर बिनधास्त लावा. गाडीचं सिंथेटिक इंजिन ऑइल बरेच लोक वापरतात, स्लाइडला छान असतं, फक्त नवं पाहिजे, गाडीतून काढलेलं काळं तेल नको, त्यात आम्ल आणि धातूचा चुरा दोन्ही असतं. केसाला लावायचं सुगंधी तेल वापरणारे एक गृहस्थ मला भेटलेत, त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

ग्रीसचा नियम आम्हाला उस्तादांनी शिकवला तो असा की जे गोल फिरतं त्याला तेल, जे घासत सरकतं त्याला ग्रीस. अगदी काटेकोर नाही पण कामाला येतो. स्लाइड स्टीलची आणि फ्रेम (मुठीसकट खालचं धड) अॅल्युमिनियमची असेल, किंवा दोन्ही स्टेनलेसच्या असतील, तर रेलवर (स्लाइड जिच्यावर सरकते ती पट्टी) ग्रीसचा पुसट थर जास्त टिकतो, स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की धातू एकमेकांना खरवडून चिकटायला बघतो. किती लावायचं, तर कपाळावर टिकली उमटेल एवढं. अॅल्युमिनियमवर ग्राफाइटवालं काही नको, दमट हवेत ग्राफाइटमुळे अॅल्युमिनियम लवकर खाल्लं जातं. आणि जिथं थंडी कडक तिथं ग्रीस घट्ट होतं, ठाण्याला हा प्रश्न तुम्हाला येणार नाही.

प्रश्न : आपला कॉलम वाचून आश्चर्य वाटले. मी २४ वर्षे सेवा केली. आमच्याकडे हत्यार तेलात न्हाऊन निघालेले असे. आपण एक थेंब म्हणता. मग आम्ही सगळे चुकलो काय? (निवृत्त सुभेदार, सातारा)

सुभेदारसाहेब, आधी जयहिंद. चुकलात म्हणायची माझी काय टाप. पण कोतात ठेवलेलं हत्यार आणि फायरिंगला निघालेलं हत्यार, दोन्हीला एकच तेल-मात्रा होती का आठवा बरं. फुलथ्रू (चिंदी अडकवून बॅरलमधून ओढायची दोरी) आणि पितळी ऑइल बॉटल .३०३ रायफलच्या बटात असायची, चार बाय दोन इंचाची चिंदी साफसफाईला, आणि तेल लावायची चिंदी मुद्दाम लहान, चार बाय दीड. का लहान, तर बॅरलमध्ये ती सैल जावी आणि तेल पुसून न काढता मागे सोडत जावी. आणि फायरिंगच्या आधी परत कोरडी चिंदी मारायचा हुकूम होताच की! म्हणजे न्हाऊ घालायचं ते साठवणीला आणि रेंजवर जाताना अंग कोरडं. सिव्हिलमध्ये आल्यावर लोकांना पहिला अर्धा आठवतो, दुसरा विसरतात.

९ एमएम वन-ए तुम्ही हाताळलं असेलच, ब्राउनिंग हाय-पॉवरचं आपल्या ईशापूरच्या कारखान्यातलं रूप, १३ राउंडचं मॅगझिन. त्यात तेल जास्त झालं की पहिल्या दोन-तीन राउंडला ते उडून मारणाऱ्याच्या चष्म्यावर यायचं. नवीन पोरांना वाटायचं हत्यार खराब आहे, हत्याराचं काय, ते फक्त उलटी करत होतं.

साठवणीचा मुद्दा मात्र तुमचा शंभर टक्के खरा आहे आणि लायसन्सवाल्यांनी इथं कान द्यावा. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि हत्यार जमा करायची नोटीस आली की पिस्तुल तिथं कित्येक आठवडे पडून राहणार. देताना त्याला वापरातलं पातळ तेल नको, दाट गंजरोधक तेलाचा हात फिरवा, बॅरलच्या आतूनसुद्धा, आणि परत आणल्यावर ते सगळं पुसून मग वापराचं तेल. आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडं कमावताना वापरलेले क्षार त्यात राहतात, शिवाय ते दमट हवा पितं आणि लोखंडाला पाजत बसतं. विदेशी केसमधला तो काळा फोमसुद्धा पावसाळ्यात स्पंजच. सुती कापड, सिलिका जेलच्या पुड्या, आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवणं, एवढं पुरतं. घामट हातानं धरलेल्या जागा आधी पुसायच्या, काळ्या ब्लूइंगवर (लोखंडावरचा निळसर-काळा मुलामा) बोटांचे ठसे गंजात उमटलेले मी बघितलेत, अगदी रेघा मोजता येतील असे. हलकी लाली आली असेल तर तेल लावून ०००० नंबरच्या बारीक स्टील वूलनं हळूच, सँडपेपर नाही.

प्रश्न : आमचे हे रविवारी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून पिस्तुल साफ करतात. वास तर येतोच पण मला भीतीही वाटते, लहान नातू घरात असतो. मी बोलले तर म्हणतात तुला काय कळतंय. तुम्हीच सांगा. (पुणे)

वहिनी, तुम्हाला बरोब्बर कळतंय. हा परिच्छेद कापून फ्रिजवर लावा.

जेवणाचं टेबल नाही. काजळीत शिसं असतं, ते पेपरमधून झिरपून, हाताला लागून, पोळीत जातं, आणि लहान मुलांना त्याचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त. बाल्कनीत किंवा खिडकीपाशी वेगळं जुनं टेबल, हातात रबरी मोजे, काम झालं की साबणानं हात आणि चिंध्या पिशवीत बांधून थेट कचऱ्यात. नातू त्या खोलीत नको.

आणि त्यांना विचारा की रिकामं कसं करता ते माझ्यासमोर करून दाखवा. आधी मॅगझिन बाहेर. मग तोंड सुरक्षित दिशेला धरून स्लाइड मागे ओढायची, चेंबरमधली गोळी बाहेर पडेल, स्लाइड मागेच अडकवून चेंबरमध्ये डोळ्यानं बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर वरची गोळी चेंबरमध्ये जाऊन बसलेली असते आणि माणूस समजतो रिकामं आहे. "साफ करताना चुकून सुटलं" अशा ज्या बातम्या पेपरात येतात त्यातल्या बऱ्याचशा इथूनच येतात. काही पिस्तुलं तर सुटी करायलाच रिकामा ट्रिगर ओढावा लागतो, तिथं ही चूक म्हणजे संपलंच. गोळ्या मोजून दुसऱ्या खोलीत कुलपात, मगच तेलाची बाटली उघडायची. ते ऐकत नसतील तर सांगा, कॉलमवाले म्हणाले की ३० वर्षांची नोकरी झालेले हवालदारसुद्धा दोनदा बघतात.

प्रश्न : मी डॅलसला असतो, इथे नवीन ग्लॉक १९ घेतली. उघडून बघितली तर स्लाइडच्या आत तांब्याच्या रंगाचं ग्रीससारखं काहीतरी लावलेलं आहे. हे पॅकिंगचं ग्रीस समजून काढून टाकू का? आणि आपल्याकडच्या सवयीने सगळीकडे तेल लावलं तर चालेल ना?

काढू नका. ते कंपनीनंच लावलेलं असतं आणि पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की राहू द्या, स्लाइडला सुरुवातीचे बरेच दिवस तेच वंगण पुरवतं.

सगळीकडे तेल तर बिलकुल नको, ग्लॉक हे फार कमी तेलावर चालणारं पिस्तुल आहे. स्लाइडच्या खाचांना एकेक थेंब, बॅरलला बाहेरून तेलाचा बोळा, आणि मुख्य जागा म्हणजे फ्रेमच्या उजव्या मागच्या कोपऱ्यात ट्रिगर बारचं टोक जिथं कनेक्टरला घासतं तिथं एक थेंब. बरेच जण रेल चोपडतात आणि हा कोपरा कोरडा ठेवतात, मग ट्रिगर खरखरतो आणि दोष पिस्तुलाला. स्ट्रायकरची (यात फायरिंग पिनचं काम करणारा भाग) नळी मात्र ठणठणीत कोरडी ठेवा. तिथं तेल गेलं की काजळी गोळा होऊन स्ट्रायकर हळू मारतो आणि प्रायमरवर नुसताच पुसट खळगा पडतो.

प्रश्न : पिस्तुलाची रेल झिजली असं वाटतंय, स्लाइड हलते. आमच्या गावात लेथवाला चांगला आहे, त्याच्याकडून भरून घेऊ का? जाड ग्रीसनं भागेल का? (लातूर)

लेथवाल्याकडे नाही! १९५९ च्या आर्म्स अॅक्टचं कलम ५ वाचा, हत्याराच्या दुरुस्तीलाही लायसन्स लागतं, त्याच्याकडे नसेल तर तो अडकेल आणि तुम्हीही. लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच न्या, कागदपत्रं बरोबर ठेवून. थोडी हालचाल बऱ्याच पिस्तुलांत मुळातच असते, ती झीज नाही. आणि ग्रीसनं फट बुजत नाही, ग्रीस म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी नव्हे.

प्रश्न : थेंब थेंब म्हणता पण बाटलीचं तोंड दाबलं की चमचाभर पडतं. थेंब पाडायचा कसा? (नाशिक)

हा सगळ्यात शहाणा प्रश्न आहे आणि नेमका सगळ्यात शेवटी आला. मेडिकलमधून इन्सुलिनची सिरिंज आणा किंवा जाड सुईची साधी, सुईचं टोक कानसीनं बोथट करा म्हणजे बोटाला लागणार नाही, त्यात अर्धा एमएल तेल भरलंत की महिनोन्‌महिने जातं. तेही नको असेल तर टूथपिक तेलात बुडवा, बाटलीच्या काठाला टेकवून निथळू द्या आणि तिच्या टोकाला जेवढं लटकेल तेवढंच खाचेला लावा. मग स्लाइड चढवा, रिकामी दहा वेळा मागे-पुढे करा, नळीचं तोंड वर करून पाच मिनिटं पिस्तुल टिश्यू पेपरवर उभं ठेवा. पेपरवर तेलाचा गोल डाग उमटला तर जास्त झालंय, पुसा. नुसती पुसट झाक आली तर बरोबर. माझ्या हातून अजूनही चारातून एकदा डाग उमटतोच.